'लाइट गेली' इंग्रजीत कसं सांगायचं? आणि उजेडाची लाइट, हलकी लाइट एकच का?

गोदाकाठची
मंडळी, एक शंका आहे आणि थोडं भांडणही.

मी नाशिकरोडला संध्याकाळी मोठ्या माणसांना बोलायचं इंग्रजी शिकवते. येणारे सगळे नोकरदार. दोन नर्स आहेत, अंबड एमआयडीसीतले सुपरवायझर आहेत आणि पिंपळगावकडच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये पत्रव्यवहार सांभाळणारा एक मुलगा आहे. त्याने हॉलंडच्या खरेदीदाराला मेल टाकली: 'लाइट वॉज नॉट देअर फ्रॉम मॉर्निंग, सो प्रीकूलिंग इज डिलेड.' तिकडून अगदी सभ्य उत्तर आलं. द्राक्षं थंड करायला उजेड लागतो हे आम्हाला माहीत नव्हतं, खिडक्या उघडून भागणार नाही का?

वर्गात हसून झालं. मी 'लाइट' खोडून 'पॉवर' लिहायला सांगितलं. तर मुलगा म्हणतो, "मॅडम, तुम्हीपण लाइट गेली म्हणता, लाइट बिल भरता. शब्द त्यांचाच आहे, मग त्यांना का कळू नये?"

त्यावर नर्सबाईंनी आणखी काडी टाकली. पेशंटच्या कागदावर 'लाइट डाएट' लिहितात ती लाइट आणि बल्बची लाइट एकच का? उत्तरही त्यांनीच दिलं, की उजेडाला वजन नसतं म्हणून हलक्या वस्तूला लाइट म्हणत असतील. मला पटलं नाही, पण खोडूनही काढता आलं नाही.

माझं मत सांगून टाकते. विजेला लाइट म्हणणं ही आपली खास चूक आहे. घरात चालेल, इंग्रजीत अजिबात नाही. बोला.

मिसळ_पाव_जास्त
लाइट घ्या हो ताई :दिवा:

निफाडचा_शेतकरी
ताई, मी तुमच्या विद्यार्थ्याच्या बाजूने.

आमच्या वस्तीवर कुणी 'वीज आली' असं ओरडलं तर माणसं झाडाखालून पळतील. वीज म्हणजे आभाळातली. ती कडाडते, पडते, म्हैस मारते. खांबावरून येते ती लाइट. अवकाळीच्या दिवसांत दोघींची गाठ पडते: वीज कडाडली की लाइट जाते. आता हेच वाक्य शुद्ध मराठीत 'वीज कडाडली की वीज जाते' असं म्हणून बघा आणि शेजारच्याला काय कळलं ते विचारा.

दुसरं म्हणजे आमच्या लाइटचा उजेडाशी काही संबंधच नाही. 'या आठवड्यात रात्रीची लाइट आहे' याचा अर्थ शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीसाठीच्या वेगळ्या लाइनवर, थ्री फेज (ज्यावर पंपाची मोटार चालते ती) रात्री मिळणार. म्हणजे उलट अंधारात बॅटरी घेऊन कांद्याला पाणी भरायला निघायचं. शेजारी ऊस आणि उसात बिबट्या. त्याच वेळी गावठाणात सिंगल फेज चालू असते. घरात बल्ब लागलेला, टीव्हीवर मालिका चालू, आणि घरून फोन येतो, "अहो, लाइट नाही आली अजून, थोडं थांबून जा." घरात दिवा आहे पण लाइट नाही. हे कुठल्या डिक्शनरीत बसवणार?

पेठेतला_पंतोजी
आम्ही पुण्यात 'वीज गेली' म्हणतो आणि आमच्या आजोबांच्या पिढीत 'दिवे गेले' म्हणत. दोन्ही मराठी आहेत आणि दोन्ही कळतात. म्हशीला काही त्रास होत नाही.

मिसळ_पाव_जास्त
पुण्यात दिवे जात नाहीत, लावतात.

निफाडचा_शेतकरी
पंतोजी, तुमच्याकडे म्हैस आहे का पण?

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे 'लाइन गेली'. नागपूर-अमरावतीकडे कुणालाही विचारा. 'लाइन आली का बे?' म्हणजे तारेतून येते ती लाइन. तुमच्या लाइटपेक्षा शास्त्रीय आहे. फक्त पुण्या-मुंबईत 'लाइन मारतो' म्हटलं की वेगळा अर्थ घेतात आणि आमची पोरं हॉस्टेलात अडचणीत येतात.

सटाण्याची_लेक
आमनाकडे 'लाईट चालनी गई'. अहिराणीतही लाइट बाईमाणूसच आहे. चालत आली, चालत गेली.

पाटील_परदेशी
जर्मनीत राहतो, त्यामुळे दुसऱ्या शंकेचं उत्तर रोज तोंडात असतं.

नर्सबाईंचा तर्क सुरेख आहे पण तसं नाही. ते दोन वेगळे शब्द आहेत. उजेडवाला 'लाइट' ज्या घराण्यातला, त्याच घराण्यात लॅटिनमधला 'लुक्स' आणि आपल्या संस्कृतातला 'रुच्' धातू आहे. रुच् म्हणजे मुळात चमकणं. रुची, रोचक, रुचणं ही त्याचीच प्रजा. हलकावाला 'लाइट' मात्र लॅटिनच्या 'लेविस'चा आणि आपल्या 'लघु'चा भाऊबंद. म्हणजे घराणी वेगळी, कुळ वेगळं, फक्त इंग्लंडात येईपर्यंत घासून घासून दोघांचा चेहरा सारखा झाला.

जर्मनमध्ये दोघं अजून वेगळे आहेत. उजेड म्हणजे 'लिश्त', हलकं किंवा सोपं म्हणजे 'लाइश्त'. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधे जे 'जीएच' उगाच बसलेलं दिसतं, ते पूर्वी उगाच नव्हतं, घशातून उच्चारायचे. पुढे आवाज गेला, अक्षरं राहिली.

गंमत पुढे आहे. डच भाषेतही इंग्रजीसारखीच गत झाली, दोन्हीला 'लिख्त'. म्हणजे ज्या डच साहेबाने खिडक्या उघडायला सांगितल्या, त्याच्या स्वतःच्या भाषेत उजेड आणि हलकं यांना एकच शब्द आहे. विजेला मात्र तो 'स्ट्रोम' म्हणतो, म्हणजे प्रवाह. आपल्या 'करंट'सारखं.

संस्कृतचे_सर
पाटलांच्या माहितीला एक जोड. आपला 'हलका'सुद्धा 'लघु'चाच. संस्कृत लघुक, प्राकृतात लहुअ, मग बोलता बोलता ल आणि ह यांनी जागा बदलल्या आणि हलुअ झालं. हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात ही अदलाबदल नोंदवून ठेवली आहे. 'हळू'ही त्याच वाटेने आलं. तेव्हा 'हलका' आणि हलक्या अर्थाचा 'लाइट' हे दूरचे चुलतभाऊ निघतात. 'लाइट जेवण' म्हणणाऱ्याला 'हलकं जेवण म्हण' असं दटावताना हे लक्षात असू द्यावं.

चंदेरी_चिमणी
सर, मग 'चखना लाइट घे' म्हणणारा नवरा संस्कृत बोलतोय का?

संस्कृतचे_सर
त्याच्या ग्लासात काय आहे त्यावर अवलंबून.

द्राक्षासव
ग्लासाचा विषय निघालाच आहे तर. वाईनमध्ये 'लाइट' म्हणजे रंगाने फिकी नव्हे. तोंडात कशी लागते ते. दुधासारखी जड लागते की पाण्यासारखी पातळ, त्यावर लाइट, मीडियम, फुल असे प्रकार सांगतात, त्याला 'बॉडी' म्हणतात. अल्कोहोल जास्त असलं की सहसा जड लागते. दिंडोरीकडे टेस्टिंगला पाहुणे येतात, 'भाऊ, लाइटमधली दाखवा' म्हणतात आणि व्हाइट वाईनकडे बोट करतात. रेडसुद्धा लाइट असते हे सांगितलं की आम्ही फसवतोय असं वाटतं त्यांना.

पैठणीवेडी
'लाइटमधली दाखवा' वरून आठवलं. येवल्याला पैठणी घ्यायला सासूबाईंना घेऊन गेले होते. त्या म्हणाल्या, "ह्यात लाइटमध्ये दाखवा ना." दुकानातल्या पोराने तीच गडद वांगी पैठणी उचलली, ट्यूबखाली नेली आणि पसरून दाखवली. सासूबाई म्हणाल्या, "अरे लाइट, लाइट!" त्याने बिचाऱ्याने आणखी एक बटण दाबलं. शेवटी मालकिणीने आतून आवाज दिला, "फिक्की दाखव रे त्यांना, फिक्की." फिक्कट पिस्ता, काठ मोराचे. घेतली.

पण त्या पोराचंही बरोबर होतं. ट्यूबच्या उजेडात वांगी काळी दिसते, दारात नेऊन बघावी लागते. तेव्हा लाइट साडी लाइटमध्ये बघू नये, उन्हात बघावी.

मिसळ_पाव_जास्त
हे वाक्य इंग्रजीत करून दाखवा. ताईंच्या वर्गाला गृहपाठ.

लागोस_ते_लॅमरोड
गोदाकाठची, तुमचं 'आपली खास चूक' हे अजिबात मान्य नाही. नोकरीसाठी नायजेरियात लागोसला बरीच वर्षं होतो. तिथे इंग्रजी सरकारी भाषा आहे आणि तिथला प्रत्येक माणूस सकाळी उठून तेच वाक्य बोलतो जे तुमच्या विद्यार्थ्याने लिहिलं: 'देअर इज नो लाइट.' लाइट 'नेतात' आणि लाइट 'आणतात', असं बोलतात. लाइट आली की गल्लीतली पोरं 'अप नेपा!' असा गलका करतात. नेपा हे त्यांच्या वीज मंडळाचं जुनं नाव. ते मंडळ 2005 मध्ये बदललं, नावही गेलं, पोरांचं ओरडणं तेच राहिलं. योगायोग बघा, आपलं एमएसईबीही 2005 मध्येच वेगवेगळ्या कंपन्यांत विभागलं गेलं आणि आपण अजून 'एमएसईबीवाला आला' असंच म्हणतो.

बाकी जगही असंच आहे. स्पॅनिशमध्ये लाइट गेली म्हणजे 'से फुए ला लुस', शब्दशः उजेड गेला. आणि लुस स्त्रीलिंगी, आपल्यासारखीच गेली! ब्राझीलमध्ये विजेच्या बिलाला उजेडाचं बिल म्हणतात आणि रिओ शहराला वीज पुरवणाऱ्या कंपनीचं नावच 'लाइट' आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात लोक आजही 'लाइट बिल' म्हणतात. कॅनडात ओंटॅरिओकडे त्याला 'हायड्रो बिल' म्हणतात, कारण वीज धबधब्यावर तयार झाली म्हणून. घरात पाण्याचा थेंब नसला तरी हायड्रो गेला. याच्यापुढे आपली लाइट फारच सरळमार्गी.

गोदाकाठची
लागोसकर, माहिती भारी आहे, 'खास आपली' हा शब्द मागे. पण मेल लागोसला नव्हती जायची, रॉटरडॅमला होती. नायजेरियातलं इंग्रजी नायजेरियात बरोबर, ते मान्यच. प्रश्न वाचणाऱ्याला काय कळतं हा आहे. कंटेनर अडकला आणि समोरचा खिडक्या उघडायला सांगतोय, तिथे स्पॅनिश काय कामाची?

लागोस_ते_लॅमरोड
हे आता बरोबर बोललात. चूक म्हणू नका, पत्ता चुकला म्हणा.

निवृत्त_फोरमन
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. सगळा जन्म विजेत गेला म्हणून राहवलं नाही.

वीज गावात आली तेव्हा ती दिव्यासाठीच आली. पंखा, मिक्सर, फ्रीज सगळं नंतर. लोकांनी पहिल्यांदा जे डोळ्याने पाहिलं त्याचं नाव पुऱ्या गोष्टीला दिलं. आमच्या एकलहऱ्याला 210 मेगावॅटचे संच कोळसा जाळत उभे आहेत, धुराडी नाशिकरोडवरून दिसतात, तरी बायको लोकांना 'हे लाइटच्या कारखान्यात होते' असंच सांगते. मी कधी दुरुस्त केलं नाही.

पण एक गोष्ट कुणी बोललं नाही. आपल्या लोकांना लाइट आणि पॉवर यातला फरक पक्का माहीत आहे, तो रोज वापरतात. घराचं वायरिंग करताना वायरमन काय लिहितो? लाइट पॉइंट इतके, फॅन पॉइंट इतके, पॉवर पॉइंट इतके. लाइट पॉइंट म्हणजे छोटी पिन, 6 अँपियर. पॉवर पॉइंट म्हणजे मोठी पिन, 16 अँपियर. गीझर लाइट पॉइंटवर लावलात तर वायर तापेल, सॉकेट वितळेल. लहान वर्कशॉपवाला भाड्याने गाळा बघायला जातो तेव्हा पहिलं विचारतो, "नुसती लाइट आहे की पॉवर आहे?" पॉवर म्हणजे थ्री फेज, ज्याच्यावर मशीन फिरतं.

तेव्हा पॅकहाउसवाल्या पोराला सांगा, 'लाइट' चूक आहे म्हणून 'पॉवर' लिहू नको. प्रीकूलिंगचे कॉम्प्रेसर पॉवरवर चालतात म्हणून पॉवर लिही. आपल्याच वायरमनच्या हिशेबाने.

गोदाकाठची
फोरमनकाका, हे मी उद्या वर्गात जसंच्या तसं सांगणार आहे. मला हे सुचायलाच हवं होतं असंही नाही, मला पिनांचे अँपियर माहीतच नव्हते :)

निफाडचा_शेतकरी
काका, पॉवर पॉइंटचं सांगितलंत तसं डीपीचंही सांगा. आमची डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, जळाली म्हणून ऑफिसला फोन केला तर तिथल्या नव्या पोरीने विचारलं, "व्हॉट्सॲपची का?"

चंदेरी_चिमणी
आणि आमच्या इंदिरानगरला डीपी म्हणजे डीपी रोड. डेव्हलपमेंट प्लॅनचा. नकाशात आहे, जमिनीवर नाही.

मिसळ_पाव_जास्त
डीपी रोडवरची डीपी जळाली, तिचा फोटो डीपीला ठेवला.

जुन्या_नाशकातला_वकील
विषयांतर करतो, पण शब्द तोच. इंग्रजी कायद्यात 'लाइट' म्हणजे खिडकीही. स्कायलाइट म्हणतो आपण छतातल्या काचेला, तेच. इंग्लंडमध्ये जुन्या घरांच्या खिडकीखाली 'एन्शंट लाइट्स' अशी पाटी लावत. अर्थ असा, की या खिडकीतून फार वर्षं उजेड येतो आहे, समोर भिंत चढवून तो अडवायचा नाही.

हे आपल्याकडेही आलं. 1882 च्या सुखाधिकार कायद्यात, म्हणजे ईझमेंट्स ॲक्टमध्ये, कलम 15 खाली एखाद्या इमारतीने 20 वर्षं विनाअडथळा, शांतपणे, हक्क म्हणून उजेड आणि हवा उपभोगली असेल तर तो हक्क पक्का होतो. सरावाने मिळालेला हक्क. भद्रकाली, सराफ बाजाराकडे वाडे पाडून इमारती चढायला लागल्या तशा माझ्याकडे अशा तक्रारी यायला लागल्या. एका आजोबांनी वकीलपत्र देताना विचारलं, "साहेब, लाइटची केस आहे म्हणजे बिल जोडू का?" मी म्हटलं, आजोबा, ही फुकटच्या लाइटची केस आहे.

पेठेतला_पंतोजी
मग कायद्याच्या मराठीत काय म्हणतात? 'प्रकाशाचा हक्क'?

जुन्या_नाशकातला_वकील
हो, प्रकाश आणि हवा. पण साक्षीदाराला पिंजऱ्यात 'प्रकाश येत होता का' विचारलं तर तो 'कोण प्रकाश' म्हणतो. 'उजेड' विचारावा.

कालिदासचा_पडदा
आमच्या नाटकवाल्यांत लाइट पुल्लिंगी असतो. 'तुझ्या तोंडावर लाइट येत नाहीये, अर्धं पाऊल पुढे ये.' फोटोवालेही 'आज लाइट मस्त मिळाला' म्हणतात. घरी गेली ती लाइट, रंगमंचावर पडला तो लाइट. कालिदास कलामंदिरात प्रयोगाच्या मध्येच गेली एकदा. लाइटवाला वरून ओरडला, "लाइट गेली, लाइट बंद झाला." एकाच वाक्यात दोन्ही लिंगं, आणि प्रेक्षकांतल्या कुणाला काही वावगं वाटलं नाही.

फाळके आपल्या त्र्यंबकचे. त्यांच्या काळात शूटिंग सूर्याच्या भरवशावर. ढग आला की काम बंद. त्यांनी 'लाइट गेली' म्हटलं असतं तर ते शंभर टक्के खरं इंग्रजी ठरलं असतं.

पेठेतला_पंतोजी
आणि हे लाइट, लाईट, लायट? धाग्यातच सगळी रूपं दिसताहेत. ऱ्हस्व-दीर्घाचं कुणाला काही आहे की नाही?

वऱ्हाडी_ठेचा
आम्ही 'लाइन' लिहितो. प्रश्नच मिटला.

सटाण्याची_लेक
अनेकवचन करा आणि सुटा पंतोजी. 'सगळ्या लायटी बंद करून ये.' इथे ना ऱ्हस्व ना दीर्घ, य आला. आणि हे वाक्य आईने म्हटल्याशिवाय कुठल्या घरात रात्र होत नाही.

खगोल_मंडळी
नर्सबाईंच्या 'उजेडाला वजन नसतं' यावर कुणीच काही बोललं नाही. शब्दांचा तर्क चुकला असेल, भौतिकशास्त्र बऱ्यापैकी बरोबर आहे. प्रकाशकणाला स्थिर वस्तुमान नसतं. पण तो ढकलतो. जपानने 2010 मध्ये इकारोस नावाचं यान सोडलं, त्याला पातळ पडद्यासारखं शीड होतं आणि सूर्यप्रकाशाच्या दाबाने ते खरोखर ढकललं गेलं. वजन नाही, पण धक्का आहे.

आणि कृपा करून 'तो आमच्यापेक्षा दहा लाइट इयर मागे आहे' असं म्हणू नका. लाइट इयर हे वर्ष नाही, अंतर आहे. प्रकाश वर्षभरात जितकं जातो तितकं, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.

निफाडचा_शेतकरी
आमच्या गावापासून सबस्टेशनपर्यंत तेवढंच असावं.

डॉक्टरीण_बाई
नर्सबाईंना माझ्याकडून एक भेट. फुप्फुसाला इंग्रजीत 'लंग' म्हणतात, तो शब्दही त्या हलक्या लाइटच्याच घराण्यातला. शरीरातला हलका अवयव, पाण्यात तरंगतो. खाटिक लोक बकऱ्या-मेंढ्यांच्या फुप्फुसाला इंग्रजीत चक्क 'लाइट्स' म्हणतात. तेव्हा 'लाइट डाएट' लिहिताना सांभाळून.

आणि आमच्याकडे खरा घोळ 'लाइट-हेडेड' चा होतो. पेशंटला गरगरतंय, पण कागद वाचून नातेवाईक म्हणतात, 'डोकं हलकं झालं म्हणजे बरं वाटतंय ना?'

चंदेरी_चिमणी
मला एक सांगा, स्वयंपाकघरातला लायटर कुठला? उजेडाचा की हलक्याचा?

पाटील_परदेशी
गॅसचा तो उजेडाच्या लाइटचा. पण लायटर नावाची एक बोटही असते, चपट्या तळाची. मोठं जहाज धक्क्याला लागू शकत नाही तेव्हा त्याच्यावरचा माल तिच्यात उतरवून घेतात, जहाज हलकं करतात. ती हलक्याची.

गोदाकाठची
आता मूळ प्रश्नावर येते, वर्ग उद्या आहे.

मेलसाठी मी हे सांगणार: 'वुई हॅड अ पॉवर कट फ्रॉम मॉर्निंग' अशी सुरुवात, आणि लगेच पुढे प्रीकूलिंग किती तास उशिरा झालं आणि द्राक्षं त्या वेळात कुठे होती ते लिहायचं. खरेदीदाराला शब्दापेक्षा तेच हवं असतं. ब्रिटिशांना 'पॉवर कट' कळतं, अमेरिकेला लिहायचं असेल तर 'पॉवर आउटेज'. 'लोडशेडिंग' हा आपला घरगुती शब्द नाही, खरं तांत्रिक इंग्रजी आहे आणि दक्षिण आफ्रिकेत सर्रास चालतो, पण तो फक्त ठरवून केलेल्या कपातीला. 'करंट इज गॉन' लिहू नका. आणि बोलताना, घरात, लाइट गेलीच म्हणा, मीही म्हणणार. 'चूक' हा शब्द मात्र मी वर्गात वापरणार नाही.

नर्सबाईंना पाटलांचं आणि डॉक्टरबाईंचं उत्तर दाखवते.

पेठेतला_पंतोजी
'फ्रॉम मॉर्निंग' नव्हे, 'सिन्स मॉर्निंग'. आणि मग 'हॅव हॅड'. लाइट सापडली आणि हे सुटलं का?

गोदाकाठची
पंतोजी, वीज तोपर्यंत परत आलेली होती. म्हणून 'हॅड' आणि 'फ्रॉम', पुढे 'टिल नून'. पण 'द मॉर्निंग' राहिलं खरं, 'द' टाकते.

निफाडचा_शेतकरी
आमच्यासाठी पण एक करून द्या ना. 'घरात सिंगल फेज आहे, मोटारीला लाइट नाही.' सोसायटीमार्फत इंग्रजीत अर्ज द्यायचाय.

निवृत्त_फोरमन
'सिंगल-फेज सप्लाय इज अव्हेलेबल, थ्री-फेज सप्लाय इज नॉट.' फीडरचं नाव आणि वेळ टाका. आणि भाऊ, अर्ज मराठीत दिला तरी चालतो, वाचणारा निफाडचाच असेल.

चंदेरी_चिमणी
शेवटचं. मेट्रोत दरवाजाशी 'अलाइट' लिहिलेलं असतं, उतरा म्हणून. ती कुठली लाइट?

पाटील_परदेशी
हलक्याची. पूर्वी घोड्यावरून उतरण्याला म्हणत, स्वार उतरला की घोड्याचं ओझं हलकं होतं. पण 'अलाइट' असाच दुसराही शब्द आहे, त्याचा अर्थ पेटलेला. तो उजेडाचा.

मिसळ_पाव_जास्त
म्हणजे बस पेटली आणि लोक उतरले, दोन्हीकडे 'अलाइट'. सिटी बसवाल्यांनी पाटी लावण्याआधी एकदा विचार करावा.